एलएफपी बॅटरी: सगळं अणूंच्या मांडणीत आहे

बेळगावात आणि आसपास आता लिथियमची बॅटरी काय नवीन राहिलेली नाही, ई-स्कूटर आहे, इन्व्हर्टर आहे, मळ्यातल्या सोलर लाईटी आहेत, निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही बॅटरीच्या दुकानात गेलात तर एका कोपऱ्यात निळ्या वेष्टनातले सेल दिसतातच. आणि गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं, किती वर्षं टिकणार आणि पेटत नाही ना. मी गेली काही वर्षं लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे बाजारात ज्याला एलएफपी म्हणतात, त्या पदार्थाच्या स्फटिकरचनेवर पीएचडीचं काम करतेय, आणि या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला एकाच जागी मिळाली आहेत, ती म्हणजे अणू कुणाच्या शेजारी कोण आणि किती अंतरावर बसलेत त्यात. ही पोस्ट त्याच्यासाठीच. मराठीत यावर कुणी सविस्तर लिहिलेलं मला तरी सापडलं नाही आणि आपल्याकडची बरीच पोरं दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून मग एकदम इंग्रजीत फिजिक्स-केमिस्ट्री वाचतात, त्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहितेय.

माझे मामा निपाणीत इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या विकतात. गेल्या दिवाळीत त्यांनी विचारलं, "काय करालीस गं हल्ली? ते लिथियम पेटतंय म्हणतात की, आणि तू त्यातच पीएचडी?" मी म्हटलं, "मामा, लिथियमची बॅटरी म्हणजे एकच वस्तू नाही. तुमच्या दुकानात १२.८ व्होल्ट लिहिलेली जी आहे ना, ती फॉस्फेटची, चार सेल एकापुढे एक जोडलेले, प्रत्येकी ३.२ व्होल्टचे. मोबाईलमधली वेगळी." मामांना आकडा पटला कारण तो त्यांच्या रोजच्या बघण्यातला, पण मग ते म्हणाले, "वेगळी म्हणजे काय वेगळं? लिथियम तर दोन्हीकडं हायच की." प्रश्न अगदी बरोबर आहे. लिथियम दोन्हीकडे तेच आहे, फरक आहे तो लिथियमला जागा देणाऱ्या चौकटीत.

तर आधी चौकट बघू. एलएफपीच्या स्फटिकात चार प्रकारचे अणू आहेत, लिथियम, लोह, फॉस्फरस आणि ऑक्सिजन. सगळ्यात जास्त संख्या ऑक्सिजनची, ते थरांत दाटीवाटीने बसलेले असतात आणि त्यांच्यामध्ये ज्या पोकळ्या राहतात त्यांत बाकीचे बसतात. काही पोकळ्यांना सहा ऑक्सिजनांचा वेढा असतो, त्यांतल्या एका प्रकारच्या जागी लिथियम बसतं आणि दुसऱ्या प्रकारच्या जागी लोह. फॉस्फरस लहान, तो चार ऑक्सिजनांच्या मध्ये बसतो, आणि या चौघांशी त्याचा बंध फार घट्ट असतो, फॉस्फरस ते ऑक्सिजन अंतर सुमारे १.५४ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचे हजार कोटी भाग केले तर त्यातला एक. लोह ते ऑक्सिजन अंतर दोन अँगस्ट्रॉमच्या वर जातं, म्हणजे तो बंध त्यामानाने सैल. एक फॉस्फरस आणि त्याचे चार ऑक्सिजन हा जो गट आहे तोच फॉस्फेट, आणि माझं म्हणणं असं की या बॅटरीचं जे काही चांगलं आहे ते आणि जे काही वाईट आहे तेही, दोन्ही या गटामुळेच येतं.

पेटण्याचंच घ्या. मोबाईलच्या बॅटरीत बहुतेक कोबाल्टचा ऑक्साईड असतो, बऱ्याच गाड्यांमध्ये निकेल-मँगनीज-कोबाल्टवाला. या पदार्थांत थरांच्या मधलं लिथियम चार्जिंगच्या वेळी बाहेर काढलं की उरलेला सांगाडा अस्थिर होतो आणि तापमान दोनशे अंशांच्या आसपास गेलं की त्यातून ऑक्सिजन सुटायला लागतो. बाजूलाच इलेक्ट्रोलाईट, म्हणजे ज्यातून लिथियम इकडून तिकडे जातं तो सेंद्रिय द्रव, जळणारा. जळायला इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही सेलच्या आतच तयार झाले तर बाहेरून नुसतं झाकून काय होणार. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसने धरून ठेवलेला असतो, सगळं लिथियम काढून घेतलं तरी तो सहजासहजी सुटत नाही. म्हणून एलएफपी जास्त सुरक्षित. पण एक गोष्ट मी मामांनाही बजावून सांगितली आणि इथेही लिहिते, इलेक्ट्रोलाईट यातसुद्धा जळणाराच आहे, सेल चेचला, शॉर्ट केला किंवा बीएमएस, म्हणजे चार्जिंगवर लक्ष ठेवणारं सर्किट, काढून टाकून वाटेल तसा चार्ज केला तर धूर निघणार आणि आगही लागू शकते. "फॉस्फेट आहे, काही होत नाही" असं म्हणून लोकल जुगाडवाले पॅक बांधतात ते बघून मला खरंच काळजी वाटते.

आता व्होल्टेज. हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो. बॅटरीत लोह वापरायचं हे स्वप्न जुनं, कारण लोह स्वस्त आणि विषारी नाही, पण साध्या लोह ऑक्साईडमध्ये व्होल्टेज फार कमी मिळतं. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि अरुमुगम मंथिराम यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की ऑक्सिजनऐवजी सल्फेटसारखा गट चौकटीत घातला तर त्याच लोहाचं व्होल्टेज वर जातं. कारण असं की सल्फर किंवा फॉस्फरस ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो, मग ऑक्सिजन आणि लोह यांच्यातला बंध ढिला पडतो, आणि त्यामुळे लोहाची इलेक्ट्रॉन घेण्याची पातळी खाली सरकते, म्हणजे लिथियमच्या तुलनेत व्होल्टेज वाढतं. मंथिराम मूळचे तामिळनाडूचे, मद्रास आयआयटीतून पीएचडी झालेले. २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळालं तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते आणि त्यांच्या वतीने नोबेल व्याख्यान मंथिराम यांनीच दिलं. आणि ज्या पेपरपासून एलएफपी सुरू झालं तो १९९७ चा, त्यावर अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि गुडइनफ अशी नावं आहेत. नंजुंडस्वामी हे नाव वाचलं की आपल्या कर्नाटकातल्या माणसाला जरा थांबल्यासारखं होतंच.

पण फॉस्फेट आहे एवढ्यानं भागत नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसायला वेळ लागला आणि बसली तेव्हा विषयच बदलून गेला. लिथियम, लोह आणि फॉस्फेट हेच घटक घेऊन दुसरी मांडणी केली, जिला नॅसिकॉन पद्धतीची म्हणतात, तर व्होल्टेज २.८ च्या आसपास येतं. ऑलिव्हिन पद्धतीच्या, म्हणजे एलएफपीच्या मांडणीत तेच सुमारे ३.४ व्होल्ट (हे आकडे लिथियम धातूच्या तुलनेत मोजलेले, म्हणून सेलवरच्या ३.२ पेक्षा वेगळे). लोह तेच, फॉस्फेट तेच, फक्त कोण कुणाला चिकटून बसलाय ते वेगळं. आणखी एक उदाहरण सोडियमचं. सोडियम आयर्न फॉस्फेट नुसतं भट्टीत भाजून बनवलं तर ते मॅरिसाईट नावाच्या मांडणीत बसतं, त्यात सोडियम आणि लोह यांनी एकमेकांच्या जागा घेतलेल्या असतात, सोडियमला बाहेर पडायला सलग वाटच राहत नाही, आणि नेहमीच्या दाण्यांच्या रूपात तो पदार्थ बॅटरीत जवळपास निरुपयोगी. तेच सूत्र ऑलिव्हिन मांडणीत, म्हणजे एलएफपीतलं लिथियम काढून त्या जागी सोडियम घालून बनवलं, तर चालतं. म्हणून कुणी मला नवीन पदार्थाचं नुसतं सूत्र दाखवून "हे बॅटरीत चालेल का" विचारलं तर मी आधी मांडणी कुठली ते विचारते.

ऑलिव्हिन हे मुळात एका खनिजाचं नाव, मॅग्नेशियम-लोहाचं सिलिकेट, हिरवट रंगाचं. त्याची रचना ब्रॅग आणि ब्राऊन यांनी १९२६ सालीच क्ष-किरणांनी शोधली होती. आपल्या भागातला काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, त्याच्या काही थरांत हे ऑलिव्हिन सापडतं. त्यातल्या सिलिकॉनच्या जागी फॉस्फरस ठेवा, मॅग्नेशियमच्या दोन प्रकारच्या जागांपैकी एकीवर लिथियम आणि दुसरीवर लोह, झाला एलएफपीचा सांगाडा. निसर्गातही हे फॉस्फेट असतं, ट्रिफिलाईट म्हणतात, ग्रॅनाईटच्या जातीच्या पेग्मटाईट दगडांत मिळतं. म्हणजे बॅटरीवाल्यांनी ही मांडणी शून्यातून काढलेली नाही, खनिजवाल्यांना ती आधीपासून माहीत होती.

आता वाईट बाजू. ज्या घट्ट चौकटीमुळे सुरक्षा मिळते तीच चौकट लिथियमची वाट अरुंद करते. स्फटिकाच्या तीन दिशा धरल्या, ए, बी आणि सी, तर लिथियम फक्त बी दिशेनेच आतबाहेर करू शकतं, कारण लिथियमच्या जागा त्या दिशेने ओळीत आहेत, एका जागेपासून पुढची सुमारे ३ अँगस्ट्रॉमवर, आणि दोन ओळींच्या मध्ये लोह आणि फॉस्फेट उभे. २००४ मध्ये एमआयटीच्या गटाने गणिताने हे काढलं, २००५ मध्ये सैफुल इस्लाम यांच्या गटाने सांगितलं की ही वाट सरळसुद्धा नसून वळणावळणाची असणार, आणि २००८ साली जपानमध्ये निशिमुरा, यामादा आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन वापरून ते वळण प्रत्यक्ष नकाशावर दाखवलं. आपल्या माणसाला हे सांगायला चोर्ला घाट पुरेसा आहे, एकच रस्ता, वळणाचा, आणि मध्ये एक ट्रक आडवा बंद पडला की गोव्याकडची आणि बेळगावकडची दोन्ही बाजूची वाहतूक ठप्प. स्फटिकातला तो ट्रक म्हणजे लिथियमच्या जागी चुकून जाऊन बसलेला लोहाचा अणू. याला अँटिसाईट दोष म्हणतात, लोह लिथियमच्या जागी आणि लिथियम लोहाच्या. अशी अदलाबदल टक्का-दोन टक्के झाली तरी लांब दाण्यात कितीतरी ओळी मध्येच तुटतात आणि दोन अडथळ्यांच्या मधलं लिथियम तिथंच अडकून पडतं, वजनात मोजलं जातं पण कामाला येत नाही.

यावरचा उपाय पण मांडणी समजली की आपोआप सुचतो. दाणे बारीक करा, शक्यतो बी दिशेने पातळ, म्हणजे लिथियमला थोडंच अंतर जायचं आणि एका ओळीत दोष असण्याची शक्यता पण कमी. १९९७ च्या त्या पहिल्या पेपरात दर रेणूमागे जेमतेम ०.६ लिथियम बाहेर काढता आलं होतं, म्हणजे साठवण ग्रॅमला शंभर-एकशेदहा मिलिअँपिअर-तास, खरं तर हिशोबाने १७० यायला हवेत. आज चांगला पदार्थ १६० च्या पलीकडे सहज जातो आणि लोह, फॉस्फेट, सूत्र काहीच बदललेलं नाही.

दुसरी अडचण विजेची. एलएफपी स्वतः वीज फार कमी वाहून नेतं, म्हणून प्रत्येक दाण्यावर कार्बनचा पातळ थर चढवतात, ही कल्पना मिशेल आर्मांड आणि नाताली राव्हे यांच्या गटाची, १९९९ च्या सुमाराची. आमच्या लॅबमध्ये त्यासाठी साखर वापरतो. साधं सुक्रोज, लॅब ग्रेडचं, भट्टीत जळून त्याचा कोळसा होतो आणि दाण्यांना चिकटतो. चिक्कोडी-अथणी-रायबागच्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. आणि फॉस्फेटसाठी जो अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट लागतो तो म्हणजे ठिबकमधून सोडायचं १२:६१:०० खतच, आमचा फक्त जास्त शुद्ध असतो. लिथियम कार्बोनेट, आयर्न ऑक्झॅलेट आणि हे, तिन्ही मोजून बॉल मिलमध्ये दळायचं, आधी साडेतीनशे अंशांच्या आसपास भाजून गॅस जाऊ द्यायचे, परत दळायचं आणि मग सातशेच्या आसपास, पूर्ण वेळ आरगॉनमध्ये किंवा थोडा हायड्रोजन मिसळलेल्या गॅसमध्ये. हवा आत गेली की दोन इलेक्ट्रॉन दिलेलं लोह तीन दिलेलं होतं आणि मग भट्टीतून करड्या-काळ्याऐवजी तांबूस पूड निघते, ती बघितली की कुठलंही मशीन न लावता कळतं. उलट तापमान फार वर नेलं आणि कार्बनही भरपूर असेल तर आयर्न फॉस्फाईड तयार होतं, ते वीज वाहून नेतं पण त्यात लिथियम साठत नाही. त्यात आमच्याकडे लाईट जायचा प्रश्न. भट्टी चालू असताना पाच मिनिटं लाईट गेली तरी तापमान खाली येतं आणि दाण्यांची वाढ वेगळीच होते, म्हणून शक्यतो रात्री भाजतो.

पूड तयार झाली की क्ष-किरण. पूड सपाट दाबून ठेवायची, किरण वेगवेगळ्या कोनांतून टाकायचे आणि कुठल्या कोनात किती परत येतात ते मोजायचं. तांब्याच्या ट्यूबचे किरण असतील, तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम, तर आलेखात एलएफपीची शिखरं १७.२, २०.८, २५.६, २९.७ आणि ३५.६ अंशांच्या आसपास येतात, आता मला ती तोंडपाठ आहेत. इथे एक खोच आहे जी पुस्तकात सहसा पहिल्या पानावर नसते. तांब्याचे किरण लोहाला एवढे लागू पडतात की लोह स्वतःच किरण सोडायला लागतं आणि आलेखाची सगळी पार्श्वभूमी वर उचलली जाते, लहान शिखरं त्यात बुडून जातात. त्यासाठी मोनोक्रोमेटर, म्हणजे एकाच तरंगलांबीचे किरण पुढे सोडणारा भाग, तरी पाहिजे किंवा कोबाल्टची ट्यूब. ज्यांना आमच्यासारखं सँपल दुसऱ्या गावी पाठवून मोजून घ्यावं लागतं, धारवाड असो नाहीतर कोल्हापूर, त्यांनी पैसे भरायच्या आधी हे विचारून घ्या.

त्यानंतर रीटव्हेल्ड. ह्यूगो रीटव्हेल्ड या डच शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये ही पद्धत नीट मांडली, की एकेक शिखर सुटं न घेता सगळा आलेख एकदम गणितात घ्यायचा, अणू कुठे आहेत ते गृहीत धरून आलेख काढायचा, खऱ्याशी ताडायचा, आणि फरक कमीत कमी होईपर्यंत अणू थोडे थोडे सरकवत राहायचं. चौकटीतल्या परत परत येणाऱ्या सगळ्यात लहान घराची लांबी-रुंदी-उंची येते १०.३३, ६.०१ आणि ४.६९ अँगस्ट्रॉम, आकारमान २९१ घन अँगस्ट्रॉम. कमी तापमानात पाण्यात शिजवून, म्हणजे हायड्रोथर्मलने, बनवलेल्या सँपलमध्ये हे आकारमान २९१ च्या वर सरकलं तर मला लगेच अँटिसाईटचा संशय येतो, आणि तीच पूड परत सातशेला भाजली की आकडा खाली येतो. एका आकड्याचा तिसरा-चौथा अंक एवढं सांगून जातो हे अजूनही मला विलक्षण वाटतं.

लिथियम पूर्ण काढलं की उरतं आयर्न फॉस्फेट, मांडणी तीच, ए आणि बी आखडतात, सी किंचित वाढते आणि आकारमान २७२ च्या आसपास, म्हणजे साधारण ६ ते ७ टक्के घट. भिंती तशाच उभ्या राहतात म्हणून हजारो वेळा चार्ज-डिस्चार्ज झेपतो, गिऱ्हाईकाच्या टिकण्याच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे. आणि अर्धी चार्ज झालेली बॅटरी हळूहळू थांबवून उघडली तर आलेखात मधल्याच आकाराची एक चौकट दिसत नाही, दोन संच दिसतात, लिथियमवाल्याचा आणि बिनलिथियमवाल्याचा, चार्जिंग पुढे जाईल तसा एक संच उंच होतो आणि दुसरा बुटका, जागा मात्र जवळपास तिथेच. दोन रूपं शेजारी शेजारी असली की व्होल्टेज हलत नाही, एकदम सपाट राहतं. मामांच्या दुकानात लोक तक्रार घेऊन येतात की मीटर बराच वेळ ६० टक्क्यांच्या आसपास दाखवतो आणि मग एकदम खाली येतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा हेच, व्होल्टेज बघून किती चार्ज उरला ते ठरवताच येत नाही. म्हणून या बॅटऱ्या अधूनमधून पूर्ण शंभर टक्के करायला सांगतात, मीटरला हिशोब परत जुळवायला एक खूण मिळते. मामा आता गिऱ्हाईकाला हे स्वतः समजावून सांगतात.

क्ष-किरणांची एक मर्यादा आहे. ते इलेक्ट्रॉनवर आपटून परत येतात, लिथियमकडे इलेक्ट्रॉन तीनच, लोहाकडे सव्वीस, त्यामुळे ज्या अणूसाठी एवढा खटाटोप तोच धड दिसत नाही. न्यूट्रॉन अणूच्या केंद्रकावर आपटतात, तिथे हिशोब वेगळा, लिथियमची खूण उणे चिन्हाची येते आणि लोहाची अधिक चिन्हाची, त्यामुळे लिथियमच्या जागी थोडं जरी लोह गेलं तरी पकडता येतं. आपल्या देशात त्यासाठी ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी आहे, आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या संस्थेच्या मुंबई केंद्रातून तिथे प्रस्ताव देता येतो. बेळगावसारख्या ठिकाणी बसून हे काम होत नाही असं मला खूप जणांनी सांगितलं, होतं. रीटव्हेल्डचं गणित करणारी फुलप्रॉफ आणि जीसॅस ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, चित्र काढायला व्हेस्टा फुकट, क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेसमधून ट्रिफिलाईटची फाईल कुणालाही उतरवून घेता येते. एमएस्सीला असाल तर ती फाईल व्हेस्टात उघडा, बी दिशेने बघा, लिथियमच्या ओळी आरपार दिसतील, आणि मग ए दिशेने फिरवून वाट कशी बंद होते ते बघा. तास-दोन तास खेळलात की वर मी लिहिलेलं निम्मं तुमचं तुम्हाला कळेल.

सध्या मी लोहाच्या काही जागी मँगनीज घालतेय. मँगनीजचं फॉस्फेट त्याच मांडणीत सुमारे ४.१ व्होल्ट देतं, म्हणजे तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा, आणि गाड्यांच्या कंपन्या पण आता याच मिश्रणाच्या मागे आहेत. मँगनीज लोहापेक्षा जरा मोठं, त्यामुळे प्रमाण वाढवू तशी चौकट फुगत जाते, शुद्ध मँगनीजवाल्यात आकारमान ३०२ घन अँगस्ट्रॉमपर्यंत, आणि मधली सँपलं एका सरळ रेषेवर बसली तर मिश्रण एकजीव झालंय असं धरतो. माझी बसतात. पण मँगनीज सगळीकडे सारखं पसरलंय का, आणि लिथियमच्या जागी कोण घुसतंय, लोह की मँगनीज, हे क्ष-किरणांना विचारून उपयोग नाही, एकाकडे २६ इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्याकडे २५. न्यूट्रॉनमध्ये मात्र लोहाची खूण अधिक आणि मँगनीजची उणे, लोह असं वेगळं उठून दिसतं. मँगनीजची खूण लिथियमसारखीच उणे पडते, तेवढा भाग सोडवायला क्ष-किरणांचा आणि न्यूट्रॉनचा आलेख एकाच गणितात घालावा लागेल. ट्रॉम्बेचा प्रस्ताव पाठवलाय, सँपलं वाळवून आरगॉन भरलेल्या डब्यांत बंद करून ठेवलीत.